सिम्स ४ मध्ये आजोळचं घर बांधतोय, पण हॉटेलची लॉबी होतेय

परड्यातली जाई

नमस्कार मंडळी. इथं सिम्स ४ (घर बांधून त्यात माणसं नांदवायचा कॉम्प्युटर गेम) खेळणारं कुणी आहे का?

महिनाभर झाला, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं आजोळचं घर गेममध्ये उभं करायचा नाद लागलाय. पुढं सोपा, मग माजघर, डाव्या हाताला सैपाकघर, मागं परडं आणि परड्याला लागून न्हाणी. वर माळा. खरं तर साधं कौलारू घर, पण गल्लीत सगळे 'वाडा'च म्हणायचे.

भिंती झाल्या, दारं-खिडक्या झाल्या, तरी घर काही वाटत नाही. सोपा १२ बाय ८ चौकोनांचा केलाय (गेमची जमीन चौकोनांत आखलेली असते). भिंतीला टेकून बाक, मधे जाजम, बाकी सगळं मोकळं मैदान. भावाला दाखवलं तर म्हणाला, "चेक-इन कुठं करायचं?"

माझ्याकडं बेस गेम आहे (ऑक्टोबर २०२२ पासून फुकट झाला तेव्हाचा) आणि सेलमध्ये घेतलेला सीझन्सचा (ऋतू-पावसाचा) पॅक. लॅपटॉप कॉलेजच्या काळातला. मॉड (इतर खेळाडूंनी केलेली जोडणी) वगैरे नकोत, उघडायलाच अर्धा तास घेतो. काय चुकतंय सांगा.

पांढरा रस्सा

चेक-इन सोप्यात, चेक-आउट परड्यातून. पुढचा प्रश्न.

गल्ली नंबर ९

जाई, मी २०१५ पासून खेळतोय. सगळ्यांची पहिली चूक हीच असते. वरून बघत बांधतो म्हणून खोल्या मोठ्या होतात. बांधताना मधेमधे टॅब दाबायचं आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणून घरातून फिरून यायचं. लॉबी आपोआप दिसते.

दुसरं, चीटची, म्हणजे गेमचे नियम वाकवायच्या हुकमांची, खिडकी उघड (कंट्रोल, शिफ्ट, सी एकदम) आणि 'बीबी.मूव्हऑब्जेक्ट्स ऑन' टाक. त्याशिवाय सजावट म्हणजे चप्पल न घालता जोतिबाचा डोंगर. वस्तू एकमेकांत घुसवता येतात. हातात वस्तू धरून कंट्रोल-नऊ दाबलं की ती वर चढते, कंट्रोल-शून्यनं खाली येते. ऑल्ट धरलं की चौकोन सोडून कुठंही सरकते. आणि शिफ्ट धरून चौकटी कंसाची बटणं दाबली की वस्तू लहान-मोठी होते. एवढ्या चार गोष्टींवर माझं अख्खं घर चालतं.

देवळी करायची तर छोटं शेल्फ भिंतीत अर्धं घुसव, त्यात मेणबत्ती लहान करून ठेव. लांबून देवळीच वाटते.

कडक इस्त्री

चीट वापरून घर बांधलं तर त्यात काय राहिलं? एकटा सिम, म्हणजे गेममधला माणूस, २०,००० सिमोलियन (तिथले पैसे) घेऊन येतो. त्यात प्लॉट घ्या, चार भिंती घ्या, स्वस्तातली शेगडी घ्या, ती पेटू द्या, रडा, परत कमवा. माझ्या सिमनं आठ महिने एकाच खुर्चीवर बसून जेवण केलं. त्या खुर्चीवर माझा जीव आहे.

गल्ली नंबर ९

इस्त्रीभाऊ, मूव्हऑब्जेक्ट्सनं पैसे येत नाहीत, फक्त जागा येते. पैशाचा चीट तो मदरलोड, एका फटक्यात ५०,०००. दोन्ही एका तराजूत टाकू नका.

पांढरा रस्सा

मदरलोड खऱ्या आयुष्यात कुठं टाईप करायचं असतंय? विचारतोय एका मित्रासाठी. मित्राचं होम लोन आहे.

अडीच वाजता

एक शंका. धागाकर्त्या ताई आहेत असं प्रोफाइलवरून दिसतं. मग शीर्षकात 'बांधतोय' कसं? टायपो असेल तर संपादकांना सांगून दुरुस्त करता येईल.

परड्यातली जाई

टायपो नाही ओ. कोल्हापुरात आम्ही बायका 'मी येतो', 'मी जातो'च म्हणतो. आई म्हणते, आजी म्हणते, मी पण म्हणतो.

रंकाळ्याची हवा

पुण्याहून कोण आलंय वाटतं. बसा, भेळ खाऊन जावा. भेळंला कधीही या, दुकान अडीचला बंद होत न्हाई.

तिरका टी-स्क्वेअर

व्यवसायानं मी खरी घरं काढतो, त्यामुळं लांबण लागेल, माफी असावी.

हा गेम मुळात घर बांधण्याचाच होता. तो काढणारे विल राइट यांचं स्वतःचं घर १९९१ च्या ओकलंडच्या आगीत जळालं. परत संसार मांडताना 'आपल्याला नक्की काय काय लागतं' हा विचार सुरू झाला आणि त्यातून कल्पना आली. आधी ते वास्तुरचनेचंच खेळणं होतं, आणि आतली माणसं आणली ती बांधलेलं घर चांगलं की वाईट हे ठरवायला. नंतर माणसंच मजेशीर निघाली आणि २००० साली आला तो माणसांचा खेळ होऊन. राइट यांच्यावर ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाच्या लिखाणाचा प्रभाव होता. अलेक्झांडर यांचं एक साधं म्हणणं आहे, खोलीत दोन बाजूंनी उजेड यावा, एकाच बाजूनं आला की माणसं त्या खोलीत फार वेळ बसत नाहीत. आपल्या सोप्यात एक उजेड रस्त्याकडून येतो, दुसरा माजघराच्या दारातून, परड्याकडून. जाई, तुमच्या सोप्याला मागचं दार आहे का बघा. आणि ती तीन दारं एका रेषेत आहेत का? जुन्या घरात रस्त्यावरून बघितलं तर परड्यातली तुळस दिसायची.

वर गल्ली नंबर ९ यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं ते बरोबरच. पण त्याच्याही आधी माप. तुम्ही १२ बाय ८ कुठून आणलं?

परड्यातली जाई

अंदाजानं. लहानपणी तो सोपा एवढाच मोठा वाटायचा. ☺

तिरका टी-स्क्वेअर

तिथंच गणित फिरलं. लहानपणी आपण तीन फुटांचे असतो. घरी जाऊन टेप लावून या.

परड्यातली जाई

घर आता नाही. चार वर्षांपूर्वी मामांनी दिलं. आता तिथं पे-अँड-पार्क आहे, अंबाबाईला येणाऱ्यांच्या गाड्या लागतात. नकाशा वगैरे काही नाही. फोटो आहेत ते मावशीच्या लग्नाचे, त्यात सगळे पाहुणे आणि मागं भिंतीचा वीतभर तुकडा.

तिरका टी-स्क्वेअर

आजी आहेत ना? त्यांना फूट विचारू नका, सांगता येणार नाही. सोप्यात किती पानं उठायची ते विचारा.

चौसष्ट बाय चौसष्ट

माझा अनुभव सांगतो, म्हणजे कुणी ही चूक करणार नाही. मी कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधला. खरा राजवाडा १८८४ चा, चार्ल्स मँट यांचा आराखडा, काळा घडीव दगड आणि मधे घड्याळाचा मनोरा. मी गेममधला सगळ्यात मोठा प्लॉट घेतला, ६४ बाय ६४. तीन महिने गेले. कमानी जुळवताना बोटं दुखायला लागली. बाहेरून असा झाला की बघणारा गार.

मग हौसेनं त्यात एक कुटुंब ठेवलं. महाराज सकाळी पूर्वेच्या बेडरूममध्ये उठले. न्हाणी पश्चिमेला. निम्म्या दरबार हॉलपर्यंत पोचले आणि तिथंच कार्यक्रम झाला. राणीसाहेब भुकेनं लाल झाल्या, पण सैपाकघरातून ताट घेऊन डायनिंगला पोचेस्तोवर अन्न गार. मुलाची शाळेची वेळ रोज जिना उतरण्यात जायची. चौथ्या दिवशी सगळं कुटुंब हलवलं आणि राजवाडा नुसता बघायला ठेवला. म्हणजे म्युझियमच झालं की, खऱ्यासारखं!

रंकाळ्याची हवा

"निम्म्या दरबार हॉलपर्यंत पोचले" 😂😂 चहा नाकातून आला मर्दा.

तिरका टी-स्क्वेअर

चौसष्ट, तुमच्या महाराजांनी बरोबर निकाल दिला बघा. घर तपासायला माणसं लागतात ती अशी. बांधून झालं की एक अख्खा दिवस नुसतं खेळायचं, काही हलवायचं नाही. सिम कुठं अडतो, कुठं हात हलवून बोंबलतो, कुणाच्या पलंगाला एकाच बाजूनं चढता येतंय, जेवायच्या खुर्चीमागं चौकोन मोकळा नाही म्हणून कोण उभ्यानं जेवतंय, ते बघायचं. मग दुरुस्ती.

सौ. निवांत

मला एक समजत नाही. भांडी ओट्याच्या सिंकमध्ये घासायची सोडून ही मंडळी ताटं घेऊन बाथरूममध्ये का जातात? पाहुणा आत आंघोळ करतोय आणि आमची सूनबाई बेसिनमध्ये कढई घासतेय. दोन्ही सिंक चालू आहेत, मधे अडथळा नाही. काय उपाय?

गल्ली नंबर ९

जुनं दुखणं आहे, सगळ्यांना छळतं. जेवायच्या जागेपासून सैपाकघरातलं सिंक जवळ ठेवा, न्हाणी लांब. तरी ऐकत नसतील तर न्हाणीचं बेसिन काढून टाका.

पांढरा रस्सा

किंवा सूनबाईंना विचारा, सैपाकघरात सासूबाई उभ्या असतात का.

गंगावेशकर

मी गेम खेळत नाही, मुलगी खेळते. तिच्या मागं बसून बघतो. तिनं घर बांधलं तेव्हा मी एकच सांगितलं, जोतं चढव. तिनं विचारलं, किती? गेममध्ये पाया वर-खाली करायची पट्टी असते, ती मी शेवटपर्यंत ओढायला लावली. २०१९ ला आमच्या घरात पाणी शिरलं, २०२१ ला परत. दोन्ही वेळेला फ्रिज माळ्यावर चढवलाय आम्ही चौघांनी. ती म्हणते, "बाबा, सिम्सला पूर येत नाही." म्हटलं, "पंचगंगेला कुणी सांगितलंय का तसं?"

आता त्या घराला अकरा पायऱ्या आहेत आणि सिमची आजी रोज त्या चढते.

सौ. निवांत

गंगावेशकर, पायऱ्यांवर कुंड्या ठेवायला सांगा तिला, एकाआड एक, ऑल्ट धरून थोड्या तिरक्या. सरळ ओळीत कुंड्या ठेवल्या की नर्सरी वाटते.

कडीपाट

सजावटीचं बोलू या का थोडं? बराच वेळ धागा पायऱ्यांवरच बसलाय.

घर राहतं वाटण्यासाठी माझा एक नियम आहे. खोलीत एक तरी वस्तू चुकीच्या जागी हवी. म्हणजे सोप्यात खुंटीला टोपी, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पुस्तक. गेमच्या तयार खोल्या टाकल्या की सगळं एका रंगाचं येतं, सोफा निळा, उशी निळी, चित्र निळं. आपल्याकडं असं कुठल्या घरात असतंय? पलंग लग्नातला, कपाट आजोबांचं, खुर्ची ऑफिसनं भंगारात काढलेली, टीव्ही हप्त्यावरचा. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळ्या कुणीतरी आणलीय असं धरून निवडा. लाकडाच्या दोनच छटा ठेवा, एक जुनी काळपट, एक नवी पिवळसर. बाकी रंग भांडले तरी चालतात.

भिंत पूर्ण एका रंगात नको. खाली कंबरेपर्यंत गडद ऑइलपेंट, वर फिका चुना, असे दुरंगी वॉलपेपर बेस गेममध्ये आहेत. शिफ्ट धरून एकदा क्लिक केलं की अख्खी खोली रंगते. आवडलेली वस्तू दुसऱ्या खोलीत हवी तर ई दाबून उचला, कॅटलॉगमध्ये शोधत बसू नका.

दिवे! सगळे इथंच फसतात. छताला मधोमध एक पांढरा दिवा टाकला की दवाखाना होतो. दिव्याचा रंग आणि तीव्रता बदलता येते. पिवळा करा, तीव्रता कमी करा, आणि छताऐवजी भिंतीला लावा. माजघर थोडं अंधारंच राहू दे. माजघर अंधारंच असतंय.

अडीच वाजता

'खुर्ची ऑफिसनं भंगारात काढलेली' यास अनुमोदन. आम्ही तीवरच बसून हे टंकत आहोत.

कौलारू

छपराबद्दल कुणीच बोललं नाही. आयडी बघा, मला बोलावंच लागणार.

एकच मोठं छप्पर घरावर टाकू नका, टोपी घातल्यासारखं दिसतं. सोप्याला वेगळं उतरतं, मधल्या घराला वेगळं उंच, न्हाणीला अगदी बुटकं. सोप्यासाठी अर्ध्या उताराचं निवडा. वळचण ओढली की चारी बाजूंनी वाढते, शिफ्ट धरून ओढली की हवी तीच बाजू. पुढची वळचण भरपूर ओढा, म्हणजे कट्ट्यावर सावली येते. लाल कौलांचे पोत आहेत त्यातला सगळ्यात मळका घ्या. मंगलोरी कौल नवं असतानाच लाल असतंय, दोन पावसाळ्यांनंतर काळंच.

भिंतीच्या उंचीचे तीन प्रकार आहेत. खाली मधली, माळ्याला सगळ्यात बुटकी. माळ्यावर उंच भिंत केली की तो माळा राहत नाही, दुसरा मजला होतो.

रंकाळ्याची हवा

चौक असलेला वाडा कुणी केलाय का? मला मधे उघडा चौक पाहिजे, पण चारी बाजूंनी भिंती आल्या की गेम वरून झाकतोय.

कौलारू

त्या खोलीचं छत काढता येतं, मग ती बाहेरचीच जागा धरली जाते. चारी सोप्यांना आत उतरणारी अर्धी छपरं द्या. सीझन्स असेल तर चौकात पाऊस पण पडतो. आणि वाड्यात बिऱ्हाडं ठेवायची असतील तर डिसेंबर २०२३ चा फॉर रेंट पॅक बघा. एका प्लॉटवर सहा घरं करता येतात. आमच्या वाड्यात पाच होती, आणि एक नळ. नळावरची भांडणं मात्र गेममध्ये येत नाहीत.

नाद खुळा

एवढं कशाला करत बसलाय सगळे? इन्झॉय हा तसलाच नवा गेम आलाय की २०२५ मध्ये, मार्चपासून. ग्राफिक बघा नुसतं, काटा किर्र! सिम्स म्हणजे आता जुनं झालं.

गल्ली नंबर ९

भावा, तिचा लॅपटॉप कॉलेजच्या काळातला आहे. इन्झॉय टाकला तर जाळ अन् धूर संगटच.

परड्यातली जाई

सगळ्यांचे आभार, एकेक करून बघतोय. काल रात्री तीन तास काम केलं आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच आहे. सेव्ह केलं नव्हतं. देवळी, दिवे, सगळं गेलं. आज परत.

आजीला विचारलं. सोप्यात आठ-आठच्या दोन पंगती समोरासमोर, मधून वाढणारी. म्हणजे सोळा पानं. सतरावा आला तर त्याला माजघराच्या उंबऱ्याजवळ बसवायचे.

तिरका टी-स्क्वेअर

वा! आता बघा. एका पाटाला दोन फूट धरले तर आठ पानांना सोळा फूट. रुंदीला एका बाजूचा माणूस आणि त्याचं पान मिळून साडेतीन फूट, दोन्ही बाजूंचे सात, मधे वाढणारीला दोन. झाले नऊ. मी गेमचा एक चौकोन तीन फूट धरतो. म्हणजे तुमचा सोपा साधारण ६ बाय ३. चौकोन अठरा. तुम्ही केला होता शहाण्णव चौकोनांचा. पाचपटीहून मोठा.

गल्ली नंबर ९

सर, कागदावर पटलं, पण गेममध्ये तीन चौकोन रुंदी करू नये. बाक एक चौकोन खातोय, त्याच्यासमोर उभं राहायला एक, उरला एक. दोन सिम समोरासमोर आले की तिथंच अडकून हातवारे. ६ बाय ४ करा.

तिरका टी-स्क्वेअर

माप ते माप. पंगत पाटावर बसते, बाकावर नाही.

गल्ली नंबर ९

सिम पाटावर बसत नाहीत ओ, त्यांना खुर्ची लागते. विषय हार्ड आहे, पण खरं आहे.

तिरका टी-स्क्वेअर

बरं, ६ बाय ४. चौथा चौकोन गेमचा म्हणून सोडला.

कडक इस्त्री

जाई, चीट वापरा. एवढ्या कामाला माझी हरकत नाही. पण शेगडी स्वस्तातलीच ठेवा.

परड्यातली जाई

६ बाय ४ केला. एका दमात घर झालं! बाक, एक खुर्ची, खुंटीला टोपी (शेल्फवरची सजावटीची, लहान करून), पिवळा दिवा. रस्त्यावरून बघितलं की तीन दारांतून परड्यातली कुंडी दिसते. न्हाणीतला तांब्याचा बंब काही मिळाला नाही, एक पितळी फुलदाणी मोठी करून उभी केलीय. झोपाळा म्हणून बाक वर उचललाय, हलत नाही पण दिसतो.

आज रविवार, आजीला शेजारी बसवून दाखवलं. टॅब दाबून सोप्यातून आत नेलं. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "खांब कुठाय? मी त्याला टेकून बसायचो." तो राहिलाच होता. तिच्यासमोरच टाकला, माजघराच्या दाराजवळ, उजव्या हाताला. म्हणाली, "अजून अलीकडं." ऑल्ट धरून सरकवला. "हं."

मग सिम जेवून उठली आणि ताट घेऊन थेट न्हाणीत गेली. मी वैतागून सौ. निवांतंचं दुखणं आजीला सांगायला लागलो, की बघ हा गेम कसा चुकतो. आजी म्हणाली, "चुकतंय कुठं? भांडी न्हाणीतच घासायचो की आम्ही. मोरी तिथंच होती."

सौ. निवांत

म्हणजे आमची सूनबाई मंगळवार पेठेतली आहे होय!

पांढरा रस्सा

घर गेमच्या गॅलरीवर टाक, मी उतरवून घेतो. माझे महाराज भाड्यानं ठेवतो.

चौसष्ट बाय चौसष्ट

महाराज माझे आहेत. पण पाठवतो. सोप्यापासून न्हाणी किती लांब आहे ते आधी सांगा.

परड्यातली जाई

अकरा चौकोन. पोचतील.